चुंबकवीराच्या आईचा आवाज

माझ्या वहिनींचा आवाज त्यांच्यापेक्षा बराच उंच आहे. मी चष्म्याचा धंदा करतो, तेव्हा मापात बोलायची मला सवय आहे. वहिनी समोर उभ्या राहिल्या तर बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, सदा पदराला नाही तर टॉवेलला हात पुसणाऱ्या. पण फोनवर बोलल्या की पलीकडचा माणूस उठून उभा राहतो. गॅसवाला तर एकदा ‘येस सर’ म्हणाला होता.

अर्धं आयुष्य त्या बसस्थानकावर उद्घोषक होत्या. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठली उशिरा येणार, कुणाची छत्री चौकशीच्या खिडकीवर राहिली, हे सगळं त्या सांगत. मग तिथे यंत्र आलं. यंत्रात आवाज वहिनींचाच भरायचा होता. त्यासाठी त्यांना एका स्टुडिओत नेलं, सगळ्या गावांची नावं त्यांच्याकडून वदवून घेतली, आणि ते झाल्यावर स्थानकाला वहिनींची गरज उरली नाही. स्वतःच्याच आवाजाने नोकरी घालवलेली माझ्या माहितीतली ही एकच बाई.

त्या स्टुडिओत त्यांना एका माणसाने ऐकलं. परदेशी चित्रपट आपल्या भाषेत डब करणारे दिग्दर्शक. काटकुळे, गळ्यात बारा महिने मफलर. त्यांना सगळे कॅप्टन म्हणत. का म्हणत ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी वहिनींना आधी गर्दीत ओरडायला बोलावलं. ओरडणं पसंत पडलं. मग वहिनी शेजारीण झाल्या, नर्स झाल्या, कार्टूनमधलं म्हातारं कासव झाल्या, आणि एक दिवस चुंबकवीराची आई झाल्या.

चित्रपट ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. गॅरेजात काम करणाऱ्या एका तरुणाच्या अंगावर वीज पडते. एरवी माणूस मरतो, हा चुंबक होतो. लोखंड त्याच्यामागे धावतं. शत्रूची विमानं तो नुसत्या हाताने खाली ओढतो, आणि घरी आला की चमचे त्याच्या पाठीला चिकटतात. त्याची आई ते चमचे काढून धुवायला टाकते. तिचं चित्रपटातलं मुख्य काम हेच.

डबिंग दिसतं तितकं सोपं नसतं. काचेच्या खोलीत उभं राहायचं, कानावर हेडफोन, समोर पडदा. पडद्यावरच्या बाईचं तोंड उघडलं की आपलं उघडायचं, मिटलं की मिटायचं. बांगड्या काढून ठेवायच्या. घरून खाऊन जायचं, कारण पोटातली गुरगुरही माइक सोडत नाही. एका प्रसंगात चुंबकवीर शहर वाचवायला निघतो आणि आई दारातून काहीतरी म्हणते. कागदावर लिहिलं होतं, ‘लवकर ये.’ वहिनी म्हणाल्या, पण पडद्यावरच्या बाईचं तोंड हलतच राहिलं. पुन्हा म्हणाल्या, पुन्हा तोंड उरलं. अनुवादक जेवायला गेला होता. शेवटी वहिनी आपल्या मनानेच म्हणाल्या, “जग वाचवून झालं की सरळ घरी ये, उगाच रेंगाळू नकोस.” तोंड अगदी बेतशीर बसलं. कॅप्टन म्हणाले, “ठेवा.”

ते वाक्य सगळीकडे झालं. बायका नवऱ्यांना फोनवर तेच ऐकवू लागल्या. ऑफिसातून कुणी बाहेर निघालं की मागून कुणीतरी म्हणायचंच. वहिनींचं नाव मात्र चित्रपटाच्या शेवटी, अगदी खाली येतं, आणि तोवर लोक पार्किंगकडे धावत असतात. तरी आमच्या बिल्डिंगमध्ये कळलंच, कारण दादाने सांगितलं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, वहिनींचे यजमान. तो पाणीपुरवठा खात्यात व्हॉल्व्ह उघड-बंद करायच्या कामावर होता. निवृत्त झाल्यावर उघडायला काही उरलं नाही, म्हणून त्याने फोन उघडला. तो अजून बंद केलेला नाही. मी एकटा माणूस, खाली दुकान, वर त्यांचं घर, दुपारी जेवायला त्यांच्याकडेच. त्यामुळे पुढचं सगळं मी ताटावर बसून पाहिलेलं आहे.

चुंबकवीराचा दुसरा भाग येणार असं जाहीर झालं आणि दादाला काम लागलं. कुठला नट येणार, कुठला जाणार, कोण कुणाबरोबर जेवताना दिसला, सगळं तो मोठ्याने वाचून दाखवी.

“ऐकलंस का? तुझ्या नवऱ्याचं काम कोण करणार ते अजून ठरत नाहीये,” तो एकदा म्हणाला.

“नवरा? तो तर पहिल्या भागाच्या आधीच मेलाय,” वहिनी म्हणाल्या.

“मेला नव्हता. बेपत्ता होता. सूत्रांकडून कळलंय.”

“मग आता बरी घराची आठवण झाली! मी वाढवलं पोराला, मी काढले चमचे.”

“चार नावं चर्चेत आहेत.” दादाने चारही फोटो मोठे करून पाहिले आणि चारही जण त्याला नापसंत पडले. एकाची मान आखूड होती. एक दारू पीत असणार. तिसरा वहिनींचा मुलगा शोभला असता. चौथ्याकडे तो जरा जास्त वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “हा नको. हा फार हसतो.” पुढचे दोन दिवस तो कारण नसताना दाढी करून बसत होता.

मग बातमी आली की आई पहिल्या दहा मिनिटांतच मरणार. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू वहिनींना जिन्यात भेटल्या आणि त्यांनी वहिनींचा हात हातात घेतला. आठवडाभराने बातमी बदलली. आता आई मरणार नव्हती. आईच खरी खलनायिका होती, पहिल्या भागातली वीज तिनेच पाडली होती. त्यानंतर किराणावाला वहिनींना सामान नीट मोजून द्यायला लागला, आणि सोसायटीच्या सेक्रेटरीने आमच्या टाकीची गळती दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून घेतली. ती गळती जुनी होती. सेक्रेटरीही जुनाच होता.

“खरं काय ते आम्हाला तरी सांगा,” काकू म्हणायच्या.

“मला खरंच काही माहीत नाही हो. आम्हाला सगळ्यात शेवटी दाखवतात. तेही सगळं चित्र काळं करून. बोलणाऱ्याचं तोंड तेवढं दिसतं.”

“बरोबर आहे,” काकू डोळे बारीक करून म्हणायच्या. “सही घेतली असेल तुमच्याकडून. नका सांगू.”

वहिनी जेवढं नाही म्हणत तेवढी लोकांची खात्री वाढे. माझ्या दुकानातही तेच. गिऱ्हाईक समोरच्या फळ्यावरची अक्षरं वाचता वाचता मधेच विचारी, “का हो, वीज तिनेच पाडली का?” मी म्हणे, “खालची ओळ वाचा.”

याच सुमाराला वहिनींचा आवाज चिरकायला लागला. आधी सकाळचा, मग दिवसभर. घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. स्वरयंत्रावर गाठ होती. “साधी आहे,” डॉक्टर म्हणाले, “काढून टाकू. पण नंतर महिनाभर तोंडातून शब्द काढायचा नाही. कुजबुज तर मुळीच नाही, कुजबुजीने जास्त त्रास होतो.”

“नंतर आवाज पहिल्यासारखा येईल ना?” वहिनींनी विचारलं.

“आवाज येईल,” डॉक्टर म्हणाले.

बाहेर पडल्यावर वहिनी मला म्हणाल्या, “भाऊजी, डॉक्टरांनी एक शब्द गाळला.” मलाही ते लक्षात आलं होतं. मी म्हटलं, “घाईत असतील.” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी रिक्षा शोधायला लागलो.

ऑपरेशन नीट झालं. वहिनी घरी आल्या आणि घर गप्प झालं. त्यांनी एक पद्धत बसवली. हातात चमचा. भांड्यावर एकदा वाजवला की हो, दोनदा वाजवला की नाही. तीनदा म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नव्हतं, पण दादाला ते बरोबर कळायचं आणि तो पाय खाली घ्यायचा.

अशात एका दुपारी दारात एक बातमीदार उभा राहिला. चित्रपटांच्या बातम्या देणाऱ्या कुठल्याशा वेबसाइटचा. वहिनी आत स्वयंपाकघरात, मी ताटावर. दादाने दार उघडलं.

“एकच प्रश्न आहे,” बातमीदार म्हणाला. “दुसऱ्या भागात आई काय बोलणार आहे?”

“ती आता बोलत नाही,” दादा म्हणाला.

“कुणाशीच?”

“कुणाशीच नाही. एक शब्द नाही.”

“पण का?”

“गाठ होती.”

बातमीदाराचे डोळे मोठे झाले. “शत्रूशी गाठ?”

“घशात,” दादा म्हणाला. “काढली. आता खुणांनीच चालतं सगळं.”

आतून चमचा दोनदा वाजला. मग आणखी दोनदा, जोरात.

“हे काय?” बातमीदाराने विचारलं.

“हेच ते,” दादा म्हणाला. “ती नाही म्हणतेय.”

संध्याकाळी बातमी आली, ‘चुंबकवीराची आई दुसऱ्या भागात मुकी? घरातूनच मिळाला दुजोरा.’ खाली लिहिलं होतं की शत्रू तिचा कंठ काढून घेतो आणि ती भांडी वाजवून मुलाला संदेश पाठवते. ही बातमी कुणीतरी परभाषेत केली. तिथून ती समुद्रापार गेली. तिकडच्या लोकांनी निर्मात्यांना विचारलं. निर्माते म्हणाले, यावर आम्ही काही बोलणार नाही. झालं. ते बोलत नाहीत म्हणजे खरंच असणार. खुणांच्या भाषेत काम करणाऱ्या एका नामांकित अभिनेत्रीचं नावही त्या भूमिकेसाठी पुढे आलं. दोन जाणकारांनी या धाडसी निर्णयाचं स्वागत केलं, एकाने निषेध केला.

चार-पाच दिवसांनी दादा फोन घेऊन ताटावर आला. चेहरा गंभीर. “परदेशातून आलीय बातमी. आई मुकी आहे. भांडी वाजवते.”

मी म्हटलं, “दादा, हे तूच सांगितलंस त्या माणसाला.”

“मी सांगितलं ते हिच्याबद्दल. हे त्यांच्या आईबद्दल आहे.”

“अरे, तेच फिरून आलंय.”

“माझं बोलणं परदेशात कशाला जाईल?” दादा म्हणाला. “इथे सोसायटीत कुणी ऐकत नाही.”

वहिनींना हसायलाही बंदी होती. त्या ओट्याला धरून, तोंड घट्ट मिटून, नुसत्या हलत उभ्या राहिल्या. डोळ्यांतून पाणी आलं.

पण तो महिना दादाला जड गेला. बातम्या तो वाचायचा, पण उत्तर यायचं नाही. काही दिवस त्याने उत्तरंही स्वतःच देऊन पाहिली. “‘दुसरं काही काम नाही का तुम्हाला?’ असंच म्हणणार होतीस ना?” चमचा एकदा वाजायचा. मग तेही कमी झालं. पुढे पुढे फोन उलटा पडलेला असायचा आणि दादा खिडकीतून टाकीकडे बघत बसलेला असायचा. टाकी आता गळत नव्हती, त्यामुळे तिथेही बघण्यासारखं काही नव्हतं.

एका दुपारी मी जिना चढत होतो आणि वरून वहिनींचा आवाज आला. स्वच्छ, पूर्वीसारखा. मला वाटलं, बाईंनी डॉक्टरांचं ऐकलं नाही. दार लोटलेलं होतं. आत दादा पाठमोरा बसला होता, फोन अगदी कानाशी धरून. “जग वाचवून झालं की सरळ घरी ये, उगाच रेंगाळू नकोस.” त्याने मागे नेलं, पुन्हा लावलं. पुन्हा मागे नेलं. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभ्या होत्या. त्यांनी मला पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं आणि पावलं न वाजवता आत गेल्या. चमचा एकदाही वाजला नाही.

जेवताना दादा मला हळूच म्हणाला, “आवाज चांगला आहे रे हिचा.”

“आज कळलं?”

“बोलत होती तोवर ऐकायला सवड कुठे होती?”

महिना संपला आणि डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिली. वहिनी घरी आल्या, चप्पल काढली आणि म्हणाल्या, “अहो.” दादाने मागे वळून दाराकडे पाहिलं, कोण आलं म्हणून. आवाज खाली उतरला होता. भरड झाला होता, जाड पिठासारखा.

“सर्दी झाली का?” दादाने विचारलं.

“नाही. हाच आहे आता.”

दादाने पाय खाली घेतले. मग म्हणाला, “चालेल.” वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं आणि पंखा लावला.

पण कॅप्टनना चालणार होतं का, हा प्रश्न होता. त्यांचा फोनच आला नव्हता. शेवटी वहिनी स्वतः निघाल्या, सोबत मी. स्टुडिओत कॅप्टन मफलरशी चाळा करत उभे राहिले. दुसऱ्या भागाचं डबिंग सुरू झालं होतं. आईसाठी त्यांनी एक तरुण मुलगी घेतली होती, रेडिओवर सकाळचा कार्यक्रम करणारी.

“मी वाचलं की तुमचा आवाज गेला,” ते म्हणाले.

“बातमी वाचलीत. मग फोन नाही केलात?”

“ज्याला बोलता येत नाही त्याला फोन कसा करायचा?”

कॅप्टन माणूस वाईट नव्हते. त्यांनी वहिनींना काचेच्या खोलीत उभं केलं, आईचा एक प्रसंग लावला. वहिनी बोलल्या. तोंड जिथल्या तिथे बसलं. कॅप्टननी ध्वनिमुद्रण पुन्हा वाजवलं. वहिनींनी डोळे मिटून ऐकलं, हेडफोन काढला, बांगड्या पुन्हा चढवल्या.

“ही आई नाही,” त्या म्हणाल्या. “ही त्या आईची सासू आहे.”

कॅप्टननी मफलर सोडून पुन्हा गुंडाळला. निघताना ती रेडिओवाली दारात भेटली. वहिनींनी तिला इतकंच सांगितलं, “सकाळी खाऊन येत जा.” परतीच्या वाटेवर त्या म्हणाल्या, “भाऊजी, राहतं घर दुसऱ्याला दिल्यासारखं वाटतंय. मुलगी नीटनेटकी दिसते, सांभाळेल. पण वाटतंय.” मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

दुसरा भाग आला. आम्ही तिघांनी जाऊन पाहिला. आई मेली नाही, मुकी नव्हती, खलनायिकाही नव्हती. नवरा मेलेलाच होता, त्याचा फोटो भिंतीवर होता आणि त्याला हार घालून झाला होता. दादाला समाधान वाटलं. आई एकदाच पोटभर रडते, मुलगा हरवतो तेव्हा. त्या जागी थिएटरात लोक हसले. रेडिओवाली बोलली चांगली होती, पण रडली ती उचकी लागल्यासारखी.

लोकांना आवाज बदललेला लगेच कळला. का बदलला याची चर्चा सुरू झाली, आणि ही चर्चा कुठे जाते ते तोवर आम्हाला समजायला हवं होतं. एका दुपारी मी ताटावर असताना दादा फोन वाचता वाचता थांबला.

“अगं,” तो म्हणाला, “तू गेलीस.”

“कुठे?” आतून वहिनींनी विचारलं.

“दीर्घ आजाराने. निकटवर्तीयांनी सांगितलं म्हणे.”

“निकटवर्तीय कोण? तुम्ही तर कुणाशी बोलला नाहीत ना?”

“या खेपेला नाही,” दादा म्हणाला, आणि ते खरं होतं.

परगावी राहणाऱ्या लेकीचा फोन आला. वहिनींनी उचलला. “हो, मीच बोलतेय... नाही गं, मीच... अगं, आवाज बदललाय ना, विसरलीस का?” लेक रडली, मग रागावली, मग पुन्हा रडली. हे चाललं होतं तोवर दारावर टकटक झाली. दादाने उघडलं. बाहेर रेडिओवाली, हातात पांढरी फुलं, डोळे सुजलेले.

“काका, मी त्यांची जागा घेतली,” ती म्हणाली, “आणि मला एकदा नीट भेटायचंही राहून गेलं.”

“भेट की,” दादा म्हणाला. “आत आहे.”

मुलगी आत गेली आणि वहिनींना पाहून मटकन खाली बसली. वहिनींनी तिला पाणी दिलं, फुलं पाण्यात घातली, चहा टाकला. थोड्या वेळाने ती सावरली. मग खाली मान घालून म्हणाली, “लोक हसले त्या जागी.”

“ऐकलं मी. हसणारच. तू गळ्यातून रडतेस. पोटातून रडायचं. आत्ता फोनवर माझी लेक रडली तशी. ऊठ, उभी राहा. बघ माझ्याकडे.”

आणि वहिनी स्वयंपाकघरात उभ्या राहून रडल्या. मी त्यांना कधी खरं रडताना पाहिलं नव्हतं. आमची आई गेली तेव्हाही नाही, बसस्थानक सुटलं तेव्हाही नाही. त्या भरड आवाजातून ते असं आलं की माझा हात ताटावरच राहिला. मग मुलगी रडली. “अजून खाली,” वहिनी म्हणाल्या. दोघी रडल्या. तिसऱ्या खेपेला मुलीला जमलं, आणि एकदा जमल्यावर तिला थांबता येईना.

दार उघडंच राहिलं होतं. बघतो तर दारात तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, त्यांच्या मागे सेक्रेटरी, त्याच्या मागे किराणावाला. किराणावाल्याने दुकान बंद केलं होतं.

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. “सकाळी वाचलं, विश्वास बसला नाही. आता रडणं ऐकलं. कधी झालं हो?”

“बातमी आज आली,” दादा म्हणाला.

“आणि त्या?”

“आत आहे.”

सेक्रेटरी पुढे झाला. “काही लागलं सवरलं तर सांगा. गाडीची व्यवस्था मी करतो.”

“गाडी कशाला? ती मुलगी बसने जाईल,” दादा म्हणाला.

तेवढ्यात वहिनी हात पुसत बाहेर आल्या. “कोण आहे? आत या ना सगळे, चहा टाकते.”

किराणावाला एक पायरी खाली उतरला. काकूंनी वहिनींना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि नाराजीने म्हणाल्या, “आवाज काही तुमचा वाटत नाही.”

आता वहिनींना न्यायाधीश मिळतात, चेटकिणी मिळतात, मागच्या महिन्यात एका समुद्राचं काम मिळालं. समुद्र तीन वाक्यं बोलतो. तिसऱ्या भागाची घोषणा झाली आहे आणि दादा रोज वाचतो. रेडिओवाली दर गुरुवारी येते. रडायचं असलं की हल्ली दोघी आधी स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतात.